लाळ्या-खुरकूत आणि रायबोसोम : पंढरपूर तालुक्यातील एका गोठ्याचे प्रकरण

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर तालुक्यात, उजनीच्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्या एका वस्तीवर गेल्या गाळप हंगामात लाळ्या-खुरकुतीची, म्हणजे जनावरांच्या तोंडात व खुरांत फोड आणणाऱ्या विषाणूजन्य रोगाची, लागण झाली. गोठ्यात बारा जनावरे होती: पाच संकरित गायी, दोन पंढरपुरी म्हशी, खिलार बैलांची एक जोडी आणि तीन वासरे. त्यांपैकी तीन गायी आणि एक वासरू उघडपणे आजारी पडले, वीस दिवसांचे दुसरे एक वासरू अंगावर एकही फोड न उमटता दगावले आणि उरलेली सात जनावरे वरवर पाहता निरोगी राहिली. या भागात पशुवैद्यक म्हणून काम करताना अशी लागण मी अनेकदा पाहिली आहे. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले, कारण त्या गोठ्यात मला तीन प्रश्न विचारले गेले. प्रतिजैविकाच्या सुया देऊनही लाळ का थांबत नाही, फोड न येता वासरू कसे मेले आणि लस टोचलेल्या जनावराला रोग शिवून गेला की नाही हे रक्तावरून कसे कळते, असे ते प्रश्न होते. तिन्हींची उत्तरे शोधत गेले की वाट एकाच ठिकाणी पोचते, आणि ते ठिकाण म्हणजे गायीच्या प्रत्येक पेशीत प्रथिने तयार करणारा रायबोसोम.

दावणीला काय दिसले

नवी गाय सहा दिवसांपूर्वी आठवडी बाजारातून आणलेली होती. तिच्या कानात बारा अंकी बिल्ला होता, परंतु त्या क्रमांकावर लसीची नोंद सापडली नाही. जागेच्या अडचणीमुळे तिला वेगळे न बांधता इतर गायींच्याच दावणीला बांधले होते आणि गव्हाणही सगळ्यांची एकच होती. तिसऱ्या दिवशी तिने वैरण सोडली व तोंडाने मचमच आवाज करू लागली. प्रवासाचा शीण असेल असे समजून घरच्यांनी दोन दिवस वाट पाहिली. मी पोचलो तेव्हा तिचा ताप ओसरला होता, पण जिभेच्या शेंड्याकडची कातडी निघून खालचा लाल भाग उघडा पडला होता आणि खुरांच्या बेचक्यात फुटलेल्या फोडांच्या जखमा होत्या. शेजारच्या दोन गायींना १०५ अंश फॅरनहाइट ताप होता, तोंडातून दोरीसारखी लाळ लोंबत होती आणि त्यांतल्या ताज्या व्यालेल्या गायीच्या सडांवरही फोड आले होते. धार काढू दिली जात नव्हती.

या दोन गायींना लस दिलेली नव्हती. लसीकरणाचे पथक वस्तीवर आले तेव्हा दोन्ही गाभण होत्या, आणि लसीमुळे गाभ जाईल या भीतीने मालकांनी त्यांना बाजूला ठेवले होते. पुढे त्यांतली एक व्याली आणि दुसरीचे दिवस भरत आले होते. उरलेल्या दोन गायी, म्हशी आणि बैल यांना लस मिळाली होती. ही भीती आपल्याकडे सर्रास आढळते आणि तिच्यावर रागावून काही साधत नाही, कारण गाभ जाणे म्हणजे त्या कुटुंबाचे वर्षाचे दूध जाणे असते. जनावराला दांडगाईने आवळून, पाडून लस टोचली तर त्या धक्क्याने अपाय होऊ शकतो, म्हणून गाभण जनावर शांतपणे हाताळणे आवश्यक आहे. मात्र लसीतून रोग होईल या भीतीला आधार नाही. तो का नाही, हे पुढे येईल.

मालकांना सगळी वस्ती तात्या म्हणते. त्यांनी मला पाहताच विचारले, ‘‘डॉक्टर, दोन दिस झालं सुया चालू हायेत, पर लाळ काय तुटंना. औषध बदलायचं का?’’ दुकानातून आणलेल्या ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या रिकाम्या बाटल्या ओसरीवर होत्या. औषध खोटे नव्हते आणि मात्राही फारशी चुकलेली नव्हती.

औषध ज्या यंत्रावर चालते ते यंत्र

ऑक्सिटेट्रासायक्लिन हे रायबोसोमवरचेच औषध आहे. जिवाणूंचा रायबोसोम शास्त्राच्या मोजमापात ७०एस आकाराचा असतो आणि ३०एस व ५०एस अशा दोन तुकड्यांचा बनलेला असतो. हे औषध ३०एस तुकड्याला अशा जागी चिकटते, की अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीची कडी) वाहून आणणाऱ्या आरएनए या रेणूला तेथे बसता येत नाही. प्रथिनाची साखळी वाढायची थांबते आणि जिवाणूची वाढ खुंटते. त्या तुकड्याची अणूपर्यंतची रचना आणि तीत प्रतिजैविके नेमकी कुठे बसतात हे उलगडणाऱ्यांमध्ये तमिळनाडूतील चिदंबरम येथे जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन होते. रायबोसोमवरील कामासाठी त्यांना थॉमस स्टाइट्झ आणि एडा योनाथ यांच्याबरोबर २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गायीच्या पेशीद्रवातला रायबोसोम ८०एसचा, म्हणजे ४०एस आणि ६०एस या तुकड्यांचा असतो. त्याची घडण इतकी वेगळी आहे, की उपचाराच्या मात्रेत हे औषध त्याला फारसे बाधत नाही, आणि म्हणूनच ते गायीला टोचता येते.

लाळ्या-खुरकुतीच्या विषाणूजवळ स्वतःचा रायबोसोम नाही. कोणत्याच विषाणूजवळ नसतो. त्याच्याजवळ प्रथिनांच्या कवचात गुंडाळलेला सुमारे ८,४०० अक्षरांचा आरएनएचा एकच धागा असतो आणि तो धागा वाचला जातो तो गायीच्याच ८०एस रायबोसोमकडून. प्रतिजैविक ज्या यंत्रात खीळ घालते ते यंत्र या रोगात कामालाच नसते, आणि जे यंत्र कामाला असते त्यात खीळ घालायची तर गायच मरेल. सुयांनी फरक का पडला नाही, याचे हे पूर्ण उत्तर आहे. खुरांच्या जखमांत नंतर जिवाणू शिरून पू झाला तर प्रतिजैविकाला काम मिळते, आणि या गोठ्यात पुढे एका गायीला ते द्यावे लागले. पण ते त्या जखमेसाठी होते, विषाणूसाठी नव्हे.

तात्यांचे धाकटे भाऊ सोलापुरात चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतात. त्या दिवशी ते वस्तीवर आलेले होते आणि लक्षपूर्वक ऐकत होते. त्यांच्यामुळे मला समजावण्याची एक सोपी वाट मिळाली. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डावर उठते. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरते आणि कोणत्या छिद्रानुसार ताण्याचे कोणते धागे उचलायचे ते ठरते. पुठ्ठे कोणी पाडले याची मागाला चौकशी नसते. मोर असलेली माळ चढवली तर मोर विणला जाईल. रायबोसोम हा असा माग आहे आणि आरएनए ही पुठ्ठ्यांची माळ. तीन-तीन अक्षरांचा एकेक पुठ्ठा वाचत तो एकेक अमिनो आम्ल जोडत जातो. सस्तन प्राण्यांत हा वेग सेकंदाला साधारण पाच ते सहा आम्लांचा असतो. लाळ्या-खुरकुतीच्या विषाणूची संपूर्ण साखळी सुमारे २,३३० आम्लांची आहे; म्हणजे एक रायबोसोम ती साधारण सात मिनिटांत विणून मोकळा होतो. अशी यंत्रे गायीच्या एकेका पेशीत लाखांनी असतात.

शिक्का नसलेली माळ मागावर कशी चढते

माग कोणाचीही माळ विणतो हे खरे असले, तरी माळ चढवण्यापूर्वी तपासणी होते, आणि या रोगाचे मर्म त्या तपासणीत आहे. पेशीच्या स्वतःच्या प्रत्येक संदेशवाहक आरएनएच्या डोक्यावर एक रासायनिक टोपी असते. ईआयएफ-४ई नावाचे प्रथिन ती टोपी पकडते, ईआयएफ-४जी नावाचे लांबलचक प्रथिन त्याला एका हाताने धरते आणि दुसऱ्या हाताने, ईआयएफ-३च्या मध्यस्थीने, रायबोसोमचा ४०एस तुकडा ओढून आणते. मग तो तुकडा धाग्यावरून सरकत आरंभाचे त्रिक, म्हणजे तीन अक्षरांचा गट, शोधतो, तेथे ६०एस तुकडा येऊन जुळतो आणि विणकाम सुरू होते. ईआयएफ-४जी हा दोन काठांना जोडणारा पूल आहे. तो तुटला तर टोपी एका काठावर आणि रायबोसोम दुसऱ्या काठावर राहतो.

विषाणूच्या आरएनएला टोपी नसते. त्याऐवजी त्याच्या आरंभापासून बऱ्याच अंतरावर सुमारे ४५० अक्षरांचा एक भाग स्वतःभोवती वळून ठरावीक घडी धारण करतो, आणि ही घडी रायबोसोमच्या ४०एस तुकड्याला मधूनच आत घेते. या भागाला अंतर्गत रायबोसोम-प्रवेशस्थान म्हणतात. ही युक्ती प्रथम १९८८ मध्ये पोलिओच्या आणि त्याच कुळातील आणखी एका विषाणूत दाखवली गेली. लाळ्या-खुरकुतीचा विषाणूही त्याच कुळातला आहे. टोपी पकडणाऱ्या ईआयएफ-४ईची या प्रवेशाला गरज लागत नाही आणि ईआयएफ-४जीचा फक्त मागचा अर्धा भाग पुरतो.

विषाणूच्या साखळीत सर्वांत आधी जे प्रथिन विणले जाते त्याला अग्रप्रथिन म्हणतात. रायबोसोम आरंभासाठी ८४ अक्षरांच्या अंतरावरील दोन त्रिकांपैकी कोणतेही निवडू शकतो, त्यामुळे त्याची दोन रूपे तयार होतात, पण दोघांचे काम एकच. ते कात्रीसारखे आहे. ते आधी स्वतःला साखळीपासून कापून घेते आणि लगेच गायीच्या पेशीतील ईआयएफ-४जी मधोमध कापते. संसर्गाच्या सुरुवातीच्या तासांतच पेशीतील बहुतेक पूल तुटलेले असतात. आता गायीचे टोपीवाले संदेश मागापर्यंत पोचत नाहीत आणि विषाणूचा बिनटोपीचा संदेश, तुटलेल्या पुलाचा उरलेला तुकडा वापरून, बिनदिक्कत चढत राहतो. यंत्रे तितकीच, कच्चा माल तोच, फक्त मागणी नोंदवणारा बदललेला. हे वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होते, कारण विषाणूने येथे काहीही नवे उभारलेले नाही. गायीच्याच व्यवस्थेतील एक दुवा कापून सारी व्यवस्था आपल्या बाजूला वळवली आहे.

आता वासराकडे वळतो. कोणत्याही पेशीत परका आरएनए शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने तयार करून शेजारच्या पेशींना सावध करते, आणि त्या पेशी विषाणू येण्यापूर्वी आपली दारे लावून घेतात. पण इंटरफेरॉनचा संदेश हाही टोपीवालाच असतो. पेशीने धोका ओळखून तो संदेश लिहिला तरी पूल तुटलेला असल्यामुळे तो वाचला जात नाही. हाक मारायचे ठरते, आवाज उमटत नाही. अग्रप्रथिनाचा भाग काढून टाकलेला विषाणू प्रयोगांत गायींना टोचला तेव्हा त्यांना रोग झाला नाही, यावरून या एका कात्रीचे वजन कळते. मोठ्या गायीत पुढच्या चार-सहा दिवसांत प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला अडवणारी रक्तातली प्रथिने, तयार होऊ लागतात आणि ती सावरते. वीस दिवसांच्या वासराची भिस्त आईच्या चिकावर असते. या वासराच्या आईला ती गाभण असताना लस मिळालेली नव्हती, म्हणून तिच्या चिकात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे नव्हती. लहान वासरांत हा विषाणू हृदयाच्या स्नायूंत वाढतो. तोंडात फोड उमटण्याइतका अवधीही अनेकदा मिळत नाही. सकाळी दूध प्यायलेले वासरू दुपारी धाडकन कोसळते.

तसेच झाले. माझ्या पहिल्या भेटीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी ते वासरू गेले. तात्यांच्या संमतीने मी बांधावरच शवविच्छेदन केले. हृदयाच्या भिंतीवर वाघाच्या अंगावर असतात तसे पांढुरके-करडे पट्टे होते. पशुवैद्यकाला पुस्तकातून परिचित असलेले हे चित्र प्रत्यक्षात पाहताना, शेजारी हंबरणाऱ्या त्याच्या आईकडे पाठ करून उभे राहावे लागले. मृतदेह चुना टाकून खोल खड्ड्यात पुरला.

कापड तोडून त्याच पुठ्ठ्यांवर पुढे जाणारा माग

मागाची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, आणि या विषाणूचा तोच भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. विषाणूची सर्व प्रथिने एकाच लांब साखळीत, एकामागून एक, विणली जातात. साखळीच्या सुरुवातीच्या भागात कवचाची प्रथिने आहेत. नंतरच्या भागात आरएनएच्या नव्या प्रती काढणारी यंत्रणा आहे. या दोन्हींच्या सांध्यावर २ए नावाचा अवघ्या १८ आम्लांचा तुकडा आहे. त्याच्या शेवटी ग्लायसीन येते आणि त्यानंतर पुढच्या प्रथिनाचे पहिले आम्ल प्रोलीन असते. रायबोसोम या जागी आला की नुकताच विणलेला २एचा तुकडा, अजून रायबोसोमच्या बोगद्यातच असताना, आतील रचनेवर असा ताण आणतो की ग्लायसीन आणि प्रोलीन यांच्यातील बंध जुळत नाही. येथे थांबण्याचे कोणतेही त्रिक लिहिलेले नसताना साखळी सोडवणारी प्रथिने येतात आणि तोपर्यंत विणलेला भाग मोकळा करतात. त्यानंतर तोच रायबोसोम, तोच धागा न सोडता, प्रोलीनपासून नवी साखळी सुरू करतो. सोलापुरात कापड मध्येच तोडून त्याच पुठ्ठ्यांवर आपोआप पुढची चादर सुरू करणारा माग आहे का, असे मी तात्यांच्या भावांना विचारले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘‘धागा तुटला की माग थांबतोय, डॉक्टर. पुढं जाणारा नाय बघितला.’’

या तुकड्याची करामत मार्टिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रथम नोंदवली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत एका जनुकातून दोन वेगळी प्रथिने मिळवण्यासाठी २ए जोडला जातो, आणि तो वापरणाऱ्या अनेक तरुण संशोधकांना आपण लाळ्या-खुरकुतीच्या विषाणूचा तुकडा हाताळत आहोत याची कल्पनाही नसेल.

विषाणूला याचा लाभ काय? एका कवचासाठी प्रत्येक कवचप्रथिनाच्या ६० प्रती लागतात, तर आरएनएच्या प्रती काढणारे प्रथिन तुलनेने थोडे पुरते. सर्व काही एकाच अखंड साखळीत असेल तर दोन्ही समप्रमाणात तयार होतील. २एपाशी आलेले सर्वच रायबोसोम मात्र पुढे जात नाहीत. काही तेथेच गळून पडतात. प्रयोगशाळेतील चाचण्यांत आधीच्या भागाचे प्रमाण नंतरच्या भागापेक्षा जास्त आढळते ते यामुळे. प्रमाण ठरवण्याचे काम येथे जनुकाच्या लिखाणाने नव्हे, वाचणाऱ्या रायबोसोमच्या अडखळण्याने होते. कोविडच्या विषाणूतही हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला आहे. त्याच्या २९,९०३ अक्षरांच्या आरएनएमध्ये एका ठरावीक जागी काही रायबोसोम एक अक्षर मागे घसरतात आणि घसरलेलेच तेवढे प्रती काढणाऱ्या यंत्रणेपर्यंत वाचत जातात. कोरोना कुळातील ही घसरण प्रथम १९८७ मध्ये कोंबड्यांना श्वसनाचा आजार करणाऱ्या विषाणूत सापडली होती, म्हणजे ज्ञानाचा हा धागाही मुळात गोठ्या-खुराड्यांतूनच निघालेला आहे.

रक्तातून मिळालेले उत्तर

पहिल्या भेटीत घेतलेल्या फोडांच्या सालींचे नमुने रोगाच्या खात्रीसाठी प्रयोगशाळेत पाठवले होते आणि त्यांतून विषाणूचा ओ हा प्रकार निष्पन्न झाला. जगात या विषाणूचे सात प्रकार मानले जातात. आपल्या देशातील लसीत ओ, ए आणि आशिया-१ हे तीन असतात. त्यामुळे लसीचा प्रकार चुकला असे म्हणायला जागा नव्हती.

चौथ्या आठवड्यात मी सर्व नऊ मोठ्या जनावरांचे रक्त घेतले. तात्यांनी विचारले की ज्यांना लस दिली आहे त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तर असणारच, मग तपासून काय कळणार? प्रश्न रास्त होता. याचे उत्तर लस कशी तयार होते यात आहे. हॅम्स्टरच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या बीएचके-२१ पेशींत विषाणू वाढवतात आणि मग बायनरी इथिलीनइमाइन या रसायनाने तो निष्क्रिय करतात. हे रसायन विषाणूचा आरएनए बिघडवते आणि कवच बरेचसे जसेच्या तसे ठेवते. म्हणजे लसीतून गायीच्या अंगात जाते ते कवच. आतली माळ मागावर चढण्याजोगी उरलेलीच नसते. योग्य रीतीने निष्क्रिय केलेल्या लसीने रोग होऊ शकत नाही तो यासाठीच. शिवाय वाढीच्या वेळी पेशींत तयार झालेली, कवचात नसणारी प्रथिने लस शुद्ध करताना काढून टाकतात.

आता खऱ्या संसर्गात काय होते ते पाहावे. रायबोसोम पूर्ण साखळी वाचतो, २ए ओलांडून पुढे जातो, आणि शेवटच्या भागातील ३एबीसी सारखी अकवची प्रथिने गायीच्या पेशीत प्रथमच अवतरतात. गायीचे शरीर त्यांच्याविरुद्धही प्रतिपिंडे बनवते. म्हणून कवचाविरुद्धची प्रतिपिंडे लसीनेही येतात आणि रोगानेही. ३एबीसीविरुद्धची मात्र मुख्यतः विषाणूचा आरएनए त्या जनावराच्या रायबोसोमने प्रत्यक्ष वाचला असेल तरच येतात. ३एबीसीविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी चाचणी एका अर्थी रायबोसोमची साक्ष आहे.

नऊपैकी चार नमुने होकारार्थी आले. नवी गाय आणि लस न दिलेल्या दोन गायी त्यांत असणे अपेक्षितच होते. चौथा नमुना लस दिलेल्या एका गायीचा होता, जिने एक दिवस थोडी कमी वैरण खाण्यापलीकडे काहीही दाखवले नव्हते. दुसरी लस दिलेली गाय, दोन्ही म्हशी आणि दोन्ही बैल नकारार्थी होते. चौथ्या गायीच्या निकालाने घरात थोडी निराशा पसरली. लस असूनही विषाणू शिरलाच, मग लसीचा उपयोग काय, असे बोलले गेले. मला तो निकाल उलट दिसतो. त्याच दावणीला, त्याच गव्हाणीत, लाळ गाळणाऱ्या गायीच्या खांद्याला खांदा लावून ही गाय उभी होती. विषाणू तिच्या काही पेशींत शिरला आणि वाचलाही गेला, पण लसीने आधीच तयार असलेल्या प्रतिपिंडांनी नवे विषाणूकण पुढच्या पेशींपर्यंत पोचण्यापूर्वी अडवले. तिच्या आणि शेजारणीच्या दुधातील फरक तात्यांनी स्वतः मोजला होता.

काय केले आणि काय करायला हवे होते

उपचार साधे होते. तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य पाण्याने धुणे, जिभेला बोरोग्लिसरीन, खुरांच्या जखमा धुऊन त्यांवर माशी बसू न देणे, तापासाठी औषध, आणि कडब्याऐवजी ज्वारीच्या पिठाची गूळ घातलेली पातळ कांजी. गोठ्याची जमीन, गव्हाण आणि चपला यांसाठी शंभर लिटर पाण्यात चार किलो धुण्याचा सोडा वापरला. हा विषाणू आम्लता किंवा अल्कता फार वाढली की तग धरत नाही, त्याचे कवच विस्कटते. पेशीत शिरल्यावर सौम्य आम्लाच्या पिशवीत कवच उघडून आरएनए बाहेर पडतो तोही याच नाजूकपणामुळे. जी गोष्ट त्याला आत उपयोगी पडते ती बाहेर आपल्या उपयोगी पडते.

सर्वांत कठीण निर्णय बैलांचा होता. बैल ठणठणीत होते आणि पैऱ्यावर, म्हणजे एकमेकांना बैल देण्याच्या बोलीवर, शेजारच्या शेतात जायचे ठरले होते. वस्तीच्या रस्त्यावरून कारखान्याकडे उसाच्या बैलगाड्या रात्रंदिवस जात होत्या आणि त्यांचे बैल दूरच्या जिल्ह्यांतून आलेले होते. रोगाची लक्षणे दिसण्यापूर्वीच जनावर विषाणू बाहेर टाकू लागते, हे लक्षात घेऊन मी बैल बांधून ठेवायला सांगितले. ते तीन आठवडे बांधून राहिले आणि पैरा मोडल्याबद्दल तात्यांना शेजाऱ्यांचे बोलणे ऐकावे लागले. बैलांचे रक्त नकारार्थी आल्यावर, उगीच बांधले, असेही काही जण म्हणाले. पहिल्या दिवशी मला ते रक्त दिसत नव्हते, आणि आजही त्या परिस्थितीत मी तोच निर्णय घेईन. वस्तीतील इतर निरोगी जनावरांना लस देताना बाहेरच्या घरांपासून सुरुवात करून या गोठ्याकडे येत गेलो, आणि प्रत्येक जनावराला नवी सुई वापरली.

माझ्याकडून राहून गेलेली गोष्टही लिहिली पाहिजे. पहिल्या भेटीतच वासराला आजारी आईपासून तोडून, दुसऱ्या गोठ्यातील निरोगी गायीच्या उकळून गार केलेल्या दुधावर ठेवायला मी सांगायला हवे होते. संसर्ग बहुधा त्याआधीच झालेला होता, कारण ते आईच्या फोड आलेल्या सडांना दोन दिवस पीत होते. तरीही मी माझे लक्ष मोठ्या गायींच्या लाळेकडे जाऊ दिले, आणि वासरू खेळते आहे एवढ्यावर समाधान मानले.

राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेहून सुरू झाला, आणि त्यानुसार गायी-म्हशींना दर सहा महिन्यांनी ही लस विनामूल्य मिळते. पुढची फेरी चैत्रात आली तेव्हा मी स्वतः त्या वस्तीवर गेलो. राहिलेली गाभण गाय दरम्यान सुखरूप व्याली होती. तात्यांनी एकही जनावर मागे ठेवले नाही आणि वस्तीवरच्या इतर तीन घरांतल्या गाभण गायी त्यांनीच हाताने धरून शांत उभ्या केल्या. बऱ्या झालेल्या जनावरांच्या घशात विषाणू दीर्घकाळ, क्वचित तीन वर्षांपर्यंतही राहू शकतो, म्हणून होकारार्थी आलेल्या चार गायी बाजारात न नेण्याचे त्यांनी कबूल केले आहे.

वासरू गमावलेली गाय मात्र पूर्ववत झालेली नाही. तिच्या अंगावरचे केस वाढले आहेत आणि ऊन चढले की तिला धाप लागते. या रोगातून उठलेल्या काही गायींत हे आढळते. दुपारी तिला निंबाखाली बांधतात आणि तात्या दर तासाला तिच्या पाठीवर ओले पोते टाकतात.